पंच्याऐंशीच्या वर चौघं

२१ एप्रिल २००८, सोमवार

सगळ्यात आधी उगवली तोफूवाली ताकेयो. साडेसातसुद्धा वाजले नव्हते, माझे तांदूळ धुवायचे होते. हातात तोफूचा डबा, तो आपला निमित्ताला. खरा माल तोंडात! "अगं मात्सुए, आज तुमच्या कारखान्यात टेप येतेय. काल गोदीत आली होती. तिथल्या इंजिनवाल्याचं पोट ब्याण्णव भरलं. बायकोला सांगितलं नाही मेल्याने. मग मीच सांगून आले."

तिचा चहा होईतो आलेच. पुढे ती नर्स, मियाके नावाची. काडी नुसती! चोवीस वर्षांची असेल, फू केलं तर खाडीत पडेल. मागून विमा मंडळाचे हिराओका साहेब, बॅग छातीशी धरून.

काय तर म्हणे या महिन्यापासून कायदा आलाय. चाळीस ते चौऱ्याहत्तर वयाच्या सगळ्यांचं पोट मोजायचं. पुरुष पंच्याऐंशीच्या आत पाहिजे, बाई नव्वदच्या आत. सेंटीमीटर. वर गेलेले कमी झाले नाहीत तर दंड. तोही त्या जाड्याला नाही, त्याच्या विमा मंडळाला. मंडळ चिडणार कारखान्यावर, कारखाना कामगारावर. वरून खाली एकेक पायरी उतरत यायचं, ते थेट बेंबीपर्यंत!

मला अठ्ठ्याहत्तर. मला मोजत नाहीत! मी नर्सला म्हटलं, "माझं का नको?" ती म्हणाली, "आजी, तुमचं वय गेलं." म्हणजे मी आता कितीही फुगले तरी सरकारला चालतं. दिवसभर मनातल्या मनात हसत होते.

पण मोजणं काही बघवेना. माझ्याच जेवणघरात, माझ्याच टेबलापाशी नऊ जणांची रांग. मी दारात डाव घेऊन उभी. शर्ट वर केले की सगळ्यांच्या पोटावर माझे पोटपट्टे, दुहेरी लोकरीचे. दर वर्षी मीच विणते. बर्फात हात घालून मासे साफ करायचे तर पोट गरम नको? नर्स हळूच काहीतरी म्हणाली, कोणी हललं नाही. मग म्हणाली, "असू दे, वरूनच घेते, दीड वजा करते." गुणी आहे पोरगी तशी. पण काडी ती काडीच.

नोरिमासा ब्याण्णव. माझा मुलगा, कारखान्याचा मालक, आणि पहिला आकडा त्याचाच. हिराओका साहेब मोठ्याने वाचत होता. वाणसामानाची यादी वाचावी तसा!

२२ एप्रिल, मंगळवार

अजून राग जात नाही. जेवायला उठले, पुन्हा आला.

७ मे, बुधवार

मंडळाचं पत्र आलं. सून यासुयोने वाचून दाखवलं, मला इतकी अवघड अक्षरं येत नाहीत. नवापैकी चौघं वर. नोरिमासा ब्याण्णव, गाडीवाला एक्याण्णव, बर्फवाला अठ्ठ्याऐंशी, आणि तळणावरचा मित्सुओ शहाऐंशी. तिघांपर्यंत मंडळ सांभाळून घेईल. चौथा चालणार नाही. जुलैत पुन्हा मोजतील आणि सप्टेंबरात शेवटचं. तेव्हाही चौघं निघाले तर कारखान्याचं स्वयंपाकघर बंद. मात्सुयामाहून डबे येणार. डब्यावर छापलेलं असणार म्हणे, आत किती आहे ते.

माझं स्वयंपाकघर!

"आई, एकच जण आत आला तरी पुरे," यासुयो म्हणाली. समजूत काढत होती.

मी म्हटलं, "काय खातात गं माझ्याकडे? भात, मिसोचं सार, मुळ्याचं लोणचं, आपलेच माशाचे वडे. रणगाडे खातात का?"

नोरिमासा तिथेच बसला होता. एक शब्द बोलला नाही. लहानपणापासून असाच. दुखलं तर सांगायचा नाही, पायातला काटा मलाच शोधावा लागायचा.

२० मे, मंगळवार

वडे तळायचे बंद केले, भाजते. ज्या कारखान्यातल्यांची तळलेल्या वड्यांवर पोटं भरतात, तिथल्या जेवणात तळलेला वडा नाही! सार पातळ केलं. गाडीवाला वाडग्यात डोकावून म्हणतो, "आजी, यात माझं तोंड दिसतंय." मी म्हटलं, "मग तेच खा, भरपूर आहे."

एक नियम मात्र सोडला नाही. वाडगे परत येतील ते चाटून पुसून. खिडकीतून मी एकेक बघून घेते. दाणा राहिला तर परत पाठवते. मालक असो नाहीतर नवा पोरगा. नोरिमासाचा वाडगा तर रोज चकचकीत. तेवढं एक समाधान.

१४ जून, शनिवार

कमी जेवतात तर अंगात ऊब कुठून येणार? लोकर काढली. चौघांना नवे पट्टे, या वेळी दुहेरी घडीचे. मित्सुओला निळा. लाजला. बावन्न वर्षांचा बाप्या, तळणाच्या कढईपुढे पस्तीस वर्षं उभा आहे, आणि पट्टा घेताना कानापर्यंत लाल! "आजी, हा मी काढणारच नाही बघा."

ताकेयो म्हणते, त्या चौघांना पाहिलं की तिला बांधून ठेवलेली मिसोची पिंपं आठवतात. तिला तोफू परत दिला.

२२ जुलै, मंगळवार

आज रागात लिहितेय, अक्षर बघ कसं आलंय.

पुन्हा मोजलं. मी दारातच. माझ्या माणसांना एकटं सोडायचं का त्या हिराओकापुढे? गाडीवाला नव्वद, बर्फवाला सत्त्याऐंशी. नोरिमासा शहाऐंशी! तीन महिन्यांत सहा उतरला, एकाने हुकला. आणि मित्सुओ त्र्याण्णव.

त्र्याण्णव! सात वाढला.

हिराओका साहेबाने चष्मा काढला. सगळ्यांपुढे म्हणाला, "मित्सुओसान, मालक उतरतात आणि तुम्ही चढता? तुमच्या एका पोटापायी बाकीच्यांचं जेवण जाईल, याची काही लाज?"

मित्सुओ कमरेत वाकला. वाकलेलाच राहिला. म्हणाला, "माझं चुकलं." नोरिमासा शेजारी उभा, भिंतीकडे बघत. मालक ना तू! बोल की काहीतरी! 

मग मीच बोलले. "साहेब, १९४५ साली याच गावात सरकारने आम्हाला शाळेच्या पटांगणात रताळी लावायला लावली. मी सहावीत शाळा सोडली ती पोटासाठी. तेव्हा कुठे होती तुमची टेप? तेव्हा मोजायची होती!" तो म्हणाला, "आजी, हा नियम आहे." मी म्हटलं, "तेव्हाही नियमच होता."

 ती काडी नर्स माझ्याकडे बघत राहिली. काहीतरी सांगायचं असल्यासारखी. सांगितलं नाही.

२३ जुलै, बुधवार

मित्सुओला कढईवरून काढलं. गरम जागेत उभं राहून घाम जातो म्हणून भूक लागते, असं कुठल्यातरी कागदात लिहिलंय म्हणे. आता क्रेट धुतो. कढईपुढे सव्वीस वर्षांचा पोरगा. आजचे वडे एका बाजूने काळे.

नोरिमासाने सही केली. मी त्याच्याशी बोलत नाही.

५ ऑगस्ट, मंगळवार

मित्सुओचा भात निम्मा केला. भाताच्या जागी कंदाच्या घट्ट खळीचे बेचव तुकडे कापून घालते. तरी गाल वर येतायत! घरी खातोस का रे चोरून, विचारलं. बायको शपथ घालून सांगते, घरी तो फक्त चहा पितो. मग येतं कुठून? वाऱ्यावर फुगतोय का?

माझाही त्याच्यावरचा विश्वास उडायला लागलाय. हे लिहिताना बरं वाटत नाही.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

पितरांचे दिवस. कारखाना बंद. मित्सुओ आला, ह्यांच्या तसबिरीपुढे उदबत्ती लावायला. दर वर्षी येतो, ह्यांनीच त्याला कढई शिकवली. हात जोडून उठला, मी पान मांडलं. आज सण आहे, आज टेप नाही. रताळ्याची भजी, लाल भात, सगळं.

तो बघत राहिला. मग गुडघ्यांवर हात ठेवून म्हणाला, "आजी, पाया पडतो, मला वाढू नका."

"का रे? माझ्या हातचं नको झालं?"

"आजी, मी तीन महिने दोघांचं जेवतोय हो!"

मला काही कळेना. मग सगळं बाहेर आलं, डोळे पुसत पुसत. मालक खिडकीकडे पाठ करून बसतात ना, मित्सुओ त्यांच्या शेजारी. मंडळाचं पत्र आल्यापासून मालक दोन घास खातात आणि वाडगा हळूच सरकवतात. "आईला वाडगा रिकामा दिसला पाहिजे, मित्सुओ. टाकता येत नाही, तुलाच संपवावं लागेल." मालक सांगतायत, नाही कसं म्हणणार? आधी त्यांचं संपवायचं, मग स्वतःचं. स्वतःचं राहिलं तर आजी परत पाठवणार!

"आणि त्या दिवशी सगळ्यांपुढे तुझी लाज काढली, तेव्हा का नाही बोललास?"

"मालकांना खाली बघायला लागलं असतं."

मी आधी हसले. खरंच हसले, भजी हातात धरून. मग इतका राग आला की भजी परत परातीत टाकली. कोणाचा राग ते कळेना. मित्सुओला म्हटलं, "ऊठ, घरी जा, आणि रात्री उपाशी झोप." पहिल्यांदाच कोणालातरी असं सांगितलं असेल. तो इतका खूश होऊन गेला!

१६ ऑगस्ट, शनिवार

दुपारी नोरिमासा ओट्यावर चटईवर झोपला होता. पंखा फिरत होता. शर्ट वर सरकलेला. मी टॉवेल टाकायला गेले.

माझा जूनचा पट्टा. त्याच्या खाली आणखी एक, ह्यांचा जुना तपकिरी. दोन! त्याच्या वर बरगड्या. एकेक मोजता येईल अशा.

माझा धाकटा भाऊ सेइजी शेवटी असाच दिसायचा. सेहेचाळीसच्या जानेवारीत. आठ वर्षांचा होता. त्याच्या अंगावर मी टॉवेल टाकला होता तो असाच, हळू, जागा होऊ नये म्हणून.

माझ्या घरात. माझ्या टेबलावर. रोज मी वाडगा बघत होते, माणूस नाही बघितला.

१७ ऑगस्ट, रविवार

सकाळी त्याला समोर बसवलं. यासुयोलाही. तिला माहीत होतं! "त्यांनी शपथ घातली होती, आई," म्हणते. तिच्याशी नंतर बघून घेईन.

"कोणासाठी चाललंय हे?"

त्याने लोणच्याची बशी जराशी बाजूला सरकवली.

"पन्नाशीला आलास. काटा मी अजून किती दिवस शोधायचा?"

मग बोलला. चौघांतला एक कोणीतरी आत यायला हवा होता. कामगाराला उपाशी राहा म्हणून कसं सांगणार, म्हणून स्वतः. "तुझं स्वयंपाकघर गेलं असतं, आई."

"आणि मला का नाही सांगितलंस?"

"तू वाढलेलं परत करू? तुला?"

"मग हे दोन दोन पट्टे कशाला?"

"पँट उतरायला लागली. तुला दिसलं असतं."

"आणि टेपपुढे? एकाने हुकलास गाढवा! तिथे तरी काढायचे!"

माझ्याकडे न बघता म्हणाला, "तू दारात उभी होतीस."

टेपला दाखवायला बारीक झाला आणि मला दाखवायला जाड राहिला! टेपने जाड धरला, मी जाड धरला. सगळ्यांनी मिळून फसवून घेतलं. मित्सुओची कढई गेली ती वेगळीच. मी टेबलावर हात आपटला, लोणच्याची बशी फुटली. नोरिमासा म्हणाला, "आई, हात." त्याने काचा उचलल्या. मी उचलू दिल्या.

संध्याकाळी तो मित्सुओच्या घरी गेला. दारातच वाकून माफी मागितली, असं ताकेयोने सांगितलं. ती नेमकी त्याच गल्लीत तोफू पोचवत होती म्हणे! उद्यापासून मित्सुओ कढईवर.

१९ ऑगस्ट, मंगळवार

मियाके नर्सला फोन केला. आयुष्यात पहिल्यांदा मी कुठल्या कचेरीत स्वतः फोन केला. भांडायलाच. म्हटलं, "माझ्या मुलाने दोन पट्टे घातले होते, तुला हाताला लोकर लागली नाही? डोळे आहेत की बेंब्या?"

ती म्हणाली, "आजी, टेप पोटाला लावायची असते, लोकरीला नाही."

"मग काढा म्हणून सांगायचं!"

"सांगितलं होतं. दोन्ही वेळा. सगळ्यांनी तुमच्याकडे बघितलं." मग हळूच, "तुम्ही विणलेले आहेत ना. तुमच्यासमोर कोण काढणार?"

फोन ठेवला. भाताचं लाकडी पिंप ओढलं, माझी शिवणाची टेप घातली. ब्याऐंशी. त्याच्यावर मित्सुओच्या मापाचा दुहेरी घडीचा पट्टा चढवला. पुन्हा टेप. नव्वद!

आठ. तिचे दीड वजा केले तरी साडेसहा माझेच. एप्रिलचे पट्टे एकाच घडीचे होते, तरी दीड सोडून त्यांचेही दोन-तीन असतीलच. म्हणजे मित्सुओ एप्रिलात आतच होता. बर्फवाला आत्ताही आत आहे. कदाचित गाडीवालाही. चौघं कधी नव्हतेच! ते मी विणले. रागारागात, जूनमध्ये, आणखी जाड.

पिंप पट्टा घालून उभं होतं. गुबगुबीत, बिचारं. मी त्यालाच शिव्या दिल्या. दुसरं कोणी नव्हतं.

२० ऑगस्ट, बुधवार

नर्सचा फोन. जुलैचे आकडे मंडळ बदलणार नाही, हिराओका नाही म्हणतो. सप्टेंबरचेच धरणार. "पण तेव्हा कातडीवर घेऊ, आजी," म्हणाली. नोरिमासाला आधी डॉक्टरकडे पाठवा, असंही म्हणाली. इतकं उतरलेलंही तिच्या वहीत बरं नसतं. मग वहीत असतं काय बरं, विचारलं. ती हसली. काडी आहे, पण हसते बरी.

२१ ऑगस्ट, गुरुवार

डॉक्टर म्हणाला, रोग नाही, उपासमार आहे. मालक माणसाची!

२४ ऑगस्ट, रविवार

नोरिमासापुढे अर्धाच वाडगा ठेवला. मला फार जड गेलं. हात आपोआप डावाकडे जात होता, तो मी एप्रनखाली धरून ठेवला. त्याने वाडग्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. सगळा खाल्ला, स्वतः. मग जरा वेळाने वाडगा पुढे केला. "थोडा."

थोडाच वाढला.

२ सप्टेंबर, मंगळवार

जेवणघरात सगळ्यांना सांगितलं, "ते येतील तेव्हा पट्टे काढायचे. मी सांगते. मला काही वाटणार नाही." सगळे म्हणाले, "हो आजी, हो हो." जमिनीकडे बघत. मित्सुओ तर पट्ट्यावर हात ठेवून हो म्हणाला! बाहेर सत्तावीस डिग्री आणि एकानेही आज काढून बघितला नाही.

दुपारभर चिडून भांडी घासली. इतके मोठे बाप्ये, आणि एका म्हातारीपुढे लोकर काढवत नाही!

मग वाटलं, मी तरी कुठे हलते दारातून?

५ सप्टेंबर, शुक्रवार

शेवटच्या मोजणीची तारीख कळवणारं हिराओका साहेबाचं पत्र आलं. यासुयोने वाचलं. त्या दिवशीचा स्वयंपाक मित्सुओला सांगितलाय. तो घाबरलाय, घाबरू दे. मी पहाटेच्या गाडीने नणंदेकडे ओझूला जाते, रात्रीपर्यंत येत नाही. एक्केचाळीस वर्षांत दुपारच्या जेवणाला मी नाही, असा हा पहिला दिवस. नोरिमासाला सांगितलं, तर उठला. माझी चप्पल पुसून दारात ठेवली, अजून अकरा दिवस आहेत तरी.

ते येणार: १६ सप्टेंबर, मंगळवार, सकाळी दहा.